क्रीडास्मृतिवस्तूंचा संग्रह : स्वाक्षरी, सत्यता आणि नोंद (हॉकीच्या विशेष संदर्भात)

सारांश

खेळाडूंची स्वाक्षरी असलेल्या स्टिक, चेंडू, पोशाख, छायाचित्रे व लघुमूर्ती यांचा संग्रह हा पाश्चात्त्य देशांत छंद, व्यवसाय व वस्तुसंग्रहालयशास्त्र या तिन्ही अंगांनी विकसित झालेला विषय आहे. भारतात हॉकीची परंपरा थोर असूनही तिच्या भौतिक खुणा मोठ्या प्रमाणात विखुरलेल्या आहेत. अशा वस्तूंचे मोल कशामुळे ठरते, त्यांची सत्यता कशी तपासली जाते, त्या कशा टिकवाव्यात आणि त्यांच्या नोंदीअभावी कोणते नुकसान होते, यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. पारनेरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या महाविद्यालयांच्या जिमखान्यांना या विवेचनाचा कोणता उपयोग होऊ शकतो, याचाही विचार शेवटी केला आहे.

बीजसंज्ञा : क्रीडास्मृतिवस्तू, स्वाक्षरीसंग्रह, लघुमूर्ती, पूर्वेतिहास, जडसंग्रह नोंदवही, निर्लेखन.

१. प्रस्तावना

संग्रह करणे ही मानवाची जुनी प्रवृत्ती आहे. नाणी, पोस्टाची तिकिटे, आगपेट्यांवरील चित्रे यांपासून ताम्रपट व पोथ्यांपर्यंत संग्रहाचे विषय अनेक असले, तरी संग्राहकाची मूळ प्रेरणा एकच असते. जे घडून गेले, त्याचा हाताला लागेल असा एखादा अंश आपल्याजवळ राहावा, अशी ती प्रेरणा होय. खेळाच्या बाबतीत ती अधिक तीव्र असते, कारण सामना संपताच तो नाहीसा होतो. चित्र किंवा ग्रंथ मागे उरतो तसा गोल मागे उरत नाही. उरते ती धावसंख्या, एखादे छायाचित्र आणि ज्या साधनाने तो गोल झाला ती काठी.

या काठीचे पुढे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. तो वरकरणी हलकाफुलका वाटला तरी त्याची दुसरी बाजू गंभीर आहे. १९४८, १९५२ व १९५६ या तीन ऑलिंपिक स्पर्धांत सुवर्णपदक मिळविणारे बलबीरसिंग (वरिष्ठ) यांनी १९८५ मध्ये आपली पदके, दुर्मीळ छायाचित्रे आणि मेलबर्न ऑलिंपिकमधील कर्णधारपदाचा ब्लेझर नियोजित क्रीडा संग्रहालयासाठी भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे विश्वासाने सुपूर्द केला. २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकच्या निमित्ताने भरलेल्या प्रदर्शनासाठी या वस्तूंची आवश्यकता भासली, तेव्हा त्या सापडत नसल्याचे उघड झाले. कुटुंबीयांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला. २५ मे २०२० रोजी बलबीरसिंग यांचे निधन झाले, तोपर्यंत त्या वस्तू त्यांच्या हाती परत आल्या नव्हत्या. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील अंतिम सामन्यात भारताने हॉलंडवर ६-१ असा विजय मिळविला आणि त्या सहांपैकी पाच गोल बलबीरसिंग यांचे होते. हा विक्रम कागदावर शिल्लक आहे. परंतु तो घडविणाऱ्या खेळाडूने सांभाळून ठेवलेल्या खुणा मात्र शिल्लक नाहीत.

२. प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे

१) क्रीडास्मृतिवस्तूंचे प्रकार व त्यांच्या मूल्याची कारणे स्पष्ट करणे.
२) स्वाक्षरी व वस्तू यांची सत्यता तपासण्याच्या पद्धतींचा परिचय करून देणे.
३) भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, काही उदाहरणांच्या आधारे नोंदीचे महत्त्व विशद करणे.
४) महाविद्यालयीन स्तरावर करता येण्याजोग्या उपाययोजना सुचविणे.

३. संकल्पना व वर्गीकरण

क्रीडास्मृतिवस्तूंचे स्थूलमानाने चार वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग सन्मानवस्तूंचा. पदके, करंडक, ढाली, मानपत्रे, चांदीची गदा इत्यादींचा समावेश त्यात होतो. दुसरा वर्ग वापरलेल्या साहित्याचा. सामन्यात प्रत्यक्ष वापरलेली स्टिक, पोशाख, बूट, गोलरक्षकाचे पॅड या वस्तू त्यात येतात. तिसरा वर्ग केवळ स्वाक्षऱ्यांचा असून वही, छायाचित्र, सामन्याची पत्रिका किंवा तिकीट यांवर त्या घेतलेल्या असतात. चौथा वर्ग कारखान्यात तयार होणाऱ्या वस्तूंचा होय. खेळाडूंची चित्रे असलेली कार्डे, पोशाखांच्या प्रतिकृती आणि खेळाडूंच्या लघुमूर्ती या वर्गात मोडतात. अशा वस्तूवर खेळाडूने नंतर स्वाक्षरी केली की तिला संग्रहमूल्य येते.

या चारही वर्गांत पुराव्याचे स्वरूप निरनिराळे असते. पदक कोणाचे हे अधिकृत निकालांवरून ठरविता येते. वापरलेली स्टिक नेमक्या कोणत्या सामन्यातील, हे सिद्ध करणे मात्र कठीण असते. लघुमूर्ती हजारोंच्या संख्येने निघालेली असल्याने तिचे वेगळेपण सर्वस्वी स्वाक्षरीवर अवलंबून राहते. म्हणजेच वस्तू जितकी सामान्य, तितका तिच्यासोबतच्या पुराव्याचा भार अधिक.

४. लघुमूर्ती व हॉकी : पाश्चात्त्य अनुभव

कॅनडा व अमेरिकेत ‘हॉकी’ या शब्दाने बर्फावरील हॉकीचाच बोध होतो. हॉकीपटूंच्या लघुमूर्तींचा छंद प्रामुख्याने तिकडचा आहे. अमेरिकेत ‘केनर’ या खेळणी उत्पादक कंपनीने १९८८ मध्ये ‘स्टार्टिंग लाइनअप’ ही खेळाडूंच्या मूर्तींची मालिका आणली आणि पुढे तिच्यात हॉकीपटूंचाही समावेश झाला. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी ‘मॅकफार्लेन टॉइज’ने अधिक बारकाव्याच्या मूर्ती बाजारात आणल्या. यांशिवाय डोके हलणाऱ्या बाहुल्या सामन्याच्या दिवशी प्रेक्षकांना भेट म्हणून वाटण्याचा प्रघातही तिकडे आहे.

या छंदातील एक पेच लक्षात घेण्याजोगा आहे. न उघडलेल्या खोक्यातील मूर्तीला संग्राहक अधिक किंमत देतात. पण मूर्तीवर खेळाडूची स्वाक्षरी घ्यावयाची तर खोका उघडावाच लागतो. काही संग्राहक खोक्याच्या पारदर्शक आवरणावरच स्वाक्षरी घेतात, तर काही मूर्तीच्या बैठकीवर घेतात. आवरणावरील शाई बोटांच्या घर्षणाने पुसली जाते. मूर्तीच्या मऊ प्लॅस्टिकला काही वर्षांनी चिकटपणा येऊन शाई पसरण्याची शक्यता असते. कोणताही मार्ग निर्दोष नाही.

मूर्ती मांडण्याची हौस मराठी घरांना परकी नाही. दिवाळीत अंगणात किल्ला करून त्यावर शिवाजी महाराज, मावळे, गवळण, वाणी अशी मातीची चित्रे मांडण्याची परंपरा सर्वपरिचित आहे. ती चित्रे वर्षभर खोक्यात कागदाच्या कपट्यांत जपली जातात आणि कोणते चित्र कोणत्या वर्षी आणले हे घरातील मुले अचूक सांगतात. संग्राहकाची वृत्ती तेथे पूर्ण रूपात आढळते. फरक एवढाच की, त्या चित्रांतील मावळा निनावी असतो. लघुमूर्तीतील खेळाडू मात्र नावगाव असलेली, बहुधा हयात असलेली व्यक्ती असते. ती व्यक्ती मूर्तीवर स्वाक्षरी करू शकते, यातच या छंदाचे आकर्षण आहे.

वापरलेल्या साहित्याला पाश्चात्त्य देशांत किती महत्त्व दिले जाते, याचे उदाहरण म्हणून पॉल हेंडरसन यांच्या जर्सीचा उल्लेख करता येईल. १९७२ मध्ये कॅनडा व सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या मालिकेतील निर्णायक गोल हेंडरसन यांनी केला. त्या वेळी अंगात असलेली जर्सी त्यांनी संघाच्या प्रशिक्षण साहाय्यकाला दिली होती. २०१० मध्ये तिचा लिलाव होऊन दहा लाख अमेरिकी डॉलरहून अधिक किंमत आली. ती कॅनडातच राहावी या हेतूने एका कॅनेडियन उद्योजकाने ती विकत घेतली आणि नंतर ती देशभर प्रदर्शित करण्यात आली. येथे किमतीपेक्षा दुसरी बाब महत्त्वाची आहे. खेळाडूच्या अंगावरून जर्सी कोणाकडे गेली व तेथून कोठे, हे सांगता येत होते. या सांगता येण्यालाच संग्रहशास्त्रात वस्तूचा पूर्वेतिहास म्हणतात.

५. सत्यतेची तपासणी

बाजार निर्माण झाला की बनावट वस्तूही निर्माण होतात. अमेरिकेत १९९० च्या दशकात तेथील केंद्रीय अन्वेषण विभागाने बनावट क्रीडा स्वाक्षऱ्यांच्या टोळ्यांविरुद्ध ‘ऑपरेशन बुलपेन’ या नावाने मोहीम राबविली. बनावट स्वाक्षऱ्यांबरोबरच बनावट प्रमाणपत्रेही विकली जात असल्याचे तिच्यातून पुढे आले. त्यामुळे केवळ प्रमाणपत्र जोडलेले आहे म्हणून स्वाक्षरी खरी, असा निष्कर्ष काढता येत नाही. प्रमाणपत्र देणारा कोण आणि त्याने स्वाक्षरी होताना पाहिली होती काय, हे प्रश्न अगोदर विचारावे लागतात.

स्वाक्षरीची प्राथमिक तपासणी पुढील मुद्द्यांच्या आधारे करता येते.

अ) छापील की हस्तलिखित : भिंगातून पाहिल्यास छापील स्वाक्षरी बारीक ठिपक्यांची बनलेली दिसते. हस्तलिखित स्वाक्षरीत रेघ एकमेकींवरून जाते तेथे शाई गडद होते, तर लेखणी उचलल्याच्या जागी रेघ निमुळती होते.

आ) रेघेचा वेग : स्वतःची सही करणारा थांबत नाही. नक्कल करणारा मूळ नमुन्याकडे पाहत रेघ ओढतो. त्यामुळे तिच्यात सूक्ष्म कंप, अनावश्यक थांबे व जोर दिल्याच्या खुणा आढळतात.

इ) नमुन्यांतील भिन्नता : एकाच व्यक्तीच्या दोन सह्या कधीही तंतोतंत जुळत नाहीत. दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या असता पूर्णतः जुळल्या, तर शिक्का, यंत्र किंवा गिरवलेली प्रत असल्याचा संशय घ्यावा.

ई) लेखनसाधनाचा काळ : बॉलपेन १९४५ नंतर बाजारात रुळले व जाड टोकाचे मार्कर पेन १९६० च्या दशकात प्रचारात आले. ध्यानचंद यांनी १९३६ मध्ये बर्लिन येथे दिलेली म्हणून दाखविली जाणारी स्वाक्षरी मार्करने केलेली असेल, तर ती त्या दिवसाची असू शकत नाही.

उ) वस्तूचा काळ : जुन्या हॉकी स्टिकचे वळण तुतीच्या लाकडाचे व मूठ वेताची असे. फाळणीपूर्वी हा व्यवसाय सियालकोट येथे भरभराटीस आला होता. फाळणीनंतर तेथील अनेक कारागीर व व्यापारी जालंधर येथे स्थायिक झाले. आजच्या स्टिक कार्बन व काचतंतूंच्या मिश्रणातून बनतात. स्टिकचे लाकूड, वळणाची लांबी व निर्मात्याचा छाप यांवरून तिचा काळ ढोबळमानाने ठरविता येतो.

ऊ) छायाचित्राशी जुळवणी : सामन्यातील छायाचित्रात दिसणारा ओरखडा, मुठीवरील पट्टीचे वेढे किंवा जर्सीवरील शिवण हातातील वस्तूशी जुळते का, हे पाहिले जाते. वापरलेल्या साहित्याच्या बाबतीत हा सर्वांत विश्वसनीय मार्ग मानला जातो.

या सर्व कसोट्या वस्तू खोटी असल्यास ते उघड करू शकतात. परंतु ती खरी असल्याचे पूर्णपणे सिद्ध करू शकत नाहीत. ते काम वस्तू मिळाली त्या वेळी केलेली नोंदच करू शकते. स्वाक्षरी कोणी, कोठे, कोणत्या तारखेला व कोणासमक्ष केली, हे त्याच दिवशी लिहून ठेवलेल्या चार ओळी पुढील पन्नास वर्षांच्या तज्ज्ञमतांपेक्षा मोलाच्या ठरतात.

नोंदीची ही आवश्यकता अलीकडच्या काळातही जाणवते. टोकियो ऑलिंपिकनंतर २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांना मिळालेल्या भेटवस्तूंचा ई-लिलाव झाला. भारतीय हॉकी संघांतील खेळाडूंच्या स्वाक्षऱ्या असलेल्या स्टिक व नीरज चोप्रा यांचा भाला या वस्तू त्यात होत्या. भाल्याला दीड कोटी रुपयांची बोली मिळाली. लिलावाचे उत्पन्न ‘नमामि गंगे’ योजनेसाठी होते. पुढे २०२२ मध्ये नीरज चोप्रा यांनी लोझान येथील ऑलिंपिक संग्रहालयालाही एक भाला भेट दिला. वृत्तांत दोन्हींचे वर्णन टोकियोचा भाला असेच झाले. भालाफेकपटू स्पर्धेला एकाहून अधिक भाले नेत असल्याने यात विसंगती असेलच असे नाही. मात्र ८७.५८ मीटरची फेक नेमक्या कोणत्या भाल्याने झाली, हे शंभर वर्षांनी सांगता यावयाचे असेल, तर ते आजच अनुक्रमांकासह लिहून ठेवले पाहिजे.

६. महाराष्ट्रातील काही उदाहरणे

६.१ खडकीची हॉकी : भारतात हॉकी लष्करी छावण्यांच्या आश्रयाने रुजली. पुण्याजवळची खडकी ही त्यांपैकीच एक छावणी. तेथील दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत १६ जुलै १९६८ रोजी जन्मलेल्या धनराज पिल्ले यांनी चार ऑलिंपिक (१९९२ ते २००४) व चार विश्वचषक स्पर्धांत भारताचे प्रतिनिधित्व केले. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक मिळविले. बालपणी मोडक्या स्टिक दोरीने बांधून ते खेळत, ही हकिकत प्रसिद्ध आहे. अशी दोरीने बांधलेली एखादी स्टिक आज उपलब्ध असती, तर तिच्यावर स्वाक्षरी नसतानाही ती भारतीय हॉकीच्या सामाजिक इतिहासाचे अव्वल साधन ठरली असती. संग्राहक मात्र बहुधा विजयानंतरची चकचकीत वस्तू शोधतो आणि विजयापूर्वीची मोडकी वस्तू भंगारात जाते. लंडन ऑलिंपिकमधील गोलरक्षक लिओ पिंटो (१९४८) आणि मॉस्को ऑलिंपिकमधील मर्विन फर्नांडिस (१९८०) यांसारखे सुवर्णविजेते मुंबईच्या हॉकीने दिले. त्या पिढ्यांच्या साहित्याबाबतही हाच प्रश्न उपस्थित होतो.

६.२ खाशाबा जाधव यांचे पदक : कऱ्हाड तालुक्यातील गोळेश्वर येथील खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केल्याचे सांगितले जाते. प्राध्यापकवर्गाला अभिमान वाटावा अशी ही घटना आहे. १९८४ मध्ये खाशाबांचे निधन झाले. त्यांच्या नावाने कुस्ती संकुल उभारण्याचे आश्वासन दीर्घकाळ प्रत्यक्षात न आल्याने २०१७ मध्ये त्यांच्या चिरंजीवांनी, पदकाचा लिलाव करून त्या पैशातून संकुल उभारू, असे जाहीर केले. या घोषणेने राज्यभर खळबळ उडाली. येथे बलबीरसिंग यांच्या उदाहरणाची दुसरी बाजू दिसते. एका कुटुंबाने वस्तू सार्वजनिक संस्थेकडे सोपविली आणि ती हरवली. दुसऱ्या कुटुंबाने ती घरी जपली, पण तिच्यामागील स्मृतीचे दायित्व समाजाने उचलले नाही. दोन्ही ठिकाणी वस्तूपेक्षा विश्वासाचे नुकसान मोठे आहे.

६.३ खाजगी संग्राहकाचे कार्य : पुण्यातील सहकारनगर येथे रोहन पाटे यांनी उभारलेल्या ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ या क्रिकेट संग्रहालयाचे उद्घाटन मे २०१२ मध्ये सचिन तेंडुलकर यांच्या हस्ते झाले. स्वतः महाराष्ट्राच्या कुमार गटातून क्रिकेट खेळलेल्या पाटे यांनी देशोदेशीच्या खेळाडूंच्या स्वाक्षऱ्या असलेल्या बॅट, पोशाख व अन्य साहित्य जमविले. एक व्यक्ती आस्थेने व सातत्याने काय उभे करू शकते, याचे हे उदाहरण आहे. पुण्यालाच याची जुनी परंपरा आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणारे दिनकर गंगाधर केळकर यांनी आपल्या अकाली निवर्तलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ वीस हजारांहून अधिक वस्तूंचे संग्रहालय उभे केले आणि शासनाच्या स्वाधीन केले. अडकित्ते, दिवे, कुलपे, गंजिफा यांसारख्या नित्याच्या वस्तू जपण्याजोग्या आहेत हे त्यांनी ओळखले, तेव्हा त्या वस्तूंना बाजारात फारशी किंमत नव्हती. हॉकीला असा केळकर अद्याप लाभलेला नाही, असे म्हणावे लागते.

७. कायद्याची मर्यादा

पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये सामान्यतः शंभर वर्षे पूर्ण झालेल्या ऐतिहासिक वस्तू पुरावशेष ठरतात. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. भारताने हॉकीतील पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक १९२८ मध्ये ॲमस्टरडॅम येथे मिळविले. म्हणजे त्या विजयाशी संबंधित वस्तूंनाही २०२८ मध्येच शंभर वर्षे पूर्ण होतील. १९३२ व १९३६ च्या विजयांच्या, तसेच स्वातंत्र्योत्तर काळातील सर्व क्रीडावस्तू तूर्त या व्याख्येबाहेर राहतात. त्या विकणे, परदेशी पाठविणे किंवा वितळविणे यांवर पुरावशेष म्हणून कोणतेही बंधन येत नाही. कायद्याचे संरक्षण मिळेपर्यंतची ही शंभर वर्षे वस्तूने कोणाच्या तरी आस्थेवरच काढावयाची असतात.

८. महाविद्यालयीन जिमखाना व निर्लेखनाचा प्रश्न

सेनापती बापट यांचे जन्मगाव असलेल्या पारनेरसारख्या तालुक्यात हॉकीपेक्षा कुस्ती व कबड्डी हे खेळ अधिक जवळचे. गावोगावच्या यात्रांतील कुस्त्यांचा हगामा हा येथील लोकजीवनाचा भाग आहे. २०२५ च्या प्रारंभी महाराष्ट्र केसरी स्पर्धा अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथेच झाली. तेव्हा हॉकीच्या उदाहरणांवरून निघणारा बोध येथे कुस्तीचा फेटा, कबड्डी संघाचे छायाचित्र व आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची ढाल यांना लागू करावयाचा आहे.

महाविद्यालयांत या वस्तूंची स्थिती सामान्यतः कशी असते? करंडक व ढाली प्राचार्यांच्या दालनातील किंवा जिमखान्यातील कपाटात असतात. मूल्यांकन समितीच्या भेटीपूर्वी त्यांना पॉलिश होते. त्यांची नोंद जडसंग्रह नोंदवहीत ‘ढाल, नग १’ अशी असते. ही ढाल कोणत्या संघाने, कोणत्या वर्षी, कोणाला हरवून मिळविली, हे त्या नोंदीत नसते. माहिती असते ती क्रीडा संचालकांच्या स्मरणात. ते निवृत्त झाले की वस्तू कपाटातच राहते, पण तिचा अर्थ त्यांच्याबरोबर निघून जातो. पुढे केव्हातरी निर्लेखन समिती बसते. तिच्यासमोर मोडक्या खुर्च्या, फाटक्या जाळ्या, जुन्या स्टिक आणि रंग उडालेले ब्लेझर एकाच यादीत येतात. समितीचा त्यात दोष नसतो. जी वस्तू केवळ नग म्हणून नोंदविली आहे, ती नग म्हणूनच निर्लेखित होणार.

याउलट याच महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक असतो व त्याचा दाता, किंमत आणि तारीख लिहिलेली असते. नोंदीची शिस्त आपल्या संस्थांना अपरिचित नाही. ती केवळ ग्रंथालयाच्या दारातून जिमखान्याच्या दारापर्यंत पोहोचलेली नाही.

९. जतनाची पथ्ये

नोंदीबरोबर जतनही आवश्यक आहे. त्यासाठी फार खर्च येत नाही. काही चुका टाळल्या तरी पुरे.

• स्वाक्षरीचा सर्वांत मोठा शत्रू प्रकाश आहे. सूर्यप्रकाश पडणाऱ्या भिंतीवर स्वाक्षरी केलेली वस्तू लावू नये. संग्रहालयांत कागद व कापड यांसाठी सुमारे ५० लक्स इतका मंद प्रकाश योग्य मानतात.
• मानपत्रे व जुनी छायाचित्रे लॅमिनेट करू नयेत. उष्णता व चिकटद्रव्य यांमुळे होणारी हानी पुढे दुरुस्त करता येत नाही. चिकटपट्टी, टाचण्या व वर्तमानपत्राचे वेष्टनही टाळावे.
• पदके व जुने करंडक वारंवार पॉलिश करू नयेत. प्रत्येक वेळी धातूचा सूक्ष्म थर जातो व कोरलेली अक्षरे झिजतात.
• ब्लेझर तारेच्या हँगरवर टांगू नयेत. धुतलेल्या सुती कापडात सैल गुंडाळून कपाटात ठेवावेत आणि पावसाळ्यानंतर कसर व वाळवी यांची तपासणी करावी.
• लाकडी स्टिक भिंतीला टेकवून उभी न ठेवता आडवी ठेवावी. तिच्यावर नव्याने व्हार्निश देऊ नये, कारण द्रावकाने शाई विरघळते.
• फिकट झालेली स्वाक्षरी कोणत्याही परिस्थितीत गिरवू नये. गिरवलेली खरी स्वाक्षरी व खोटी स्वाक्षरी यांत पुढे फरक करता येत नाही.

१०. निष्कर्ष

१) स्वाक्षरी केलेल्या क्रीडावस्तूचे मूल्य वस्तू, व्यक्ती व प्रसंग या तिहींच्या संबंधावर आधारलेले असते. हा संबंध सिद्ध करणारा पूर्वेतिहास नसल्यास मूल्य भावनेपुरते उरते.
२) तांत्रिक तपासणीने बनावट वस्तू ओळखता येते, खऱ्या वस्तूची खात्री समकालीन नोंदच देऊ शकते.
३) सार्वजनिक संस्थेकडे वस्तू सोपविणे हे स्वयमेव संरक्षण नव्हे. पोचपावती, यादी व जबाबदार अधिकारी यांशिवाय दान हे विस्मरणाचे निमित्त ठरू शकते.
४) महाविद्यालयीन जिमखान्यांतील वस्तू बाजारभावाने क्षुल्लक असल्या, तरी ग्रामीण भागातील क्रीडा इतिहासाची ती बहुधा एकमेव भौतिक साधने आहेत.

११. शिफारशी

१) प्रत्येक महाविद्यालयाने जडसंग्रह नोंदवहीव्यतिरिक्त जिमखान्यासाठी स्वतंत्र ‘स्मृतिवस्तू दाखल नोंदवही’ ठेवावी. तीत दाखल क्रमांक, वस्तूचे वर्णन व मोजमाप, खेळाडू वा संघ, स्पर्धा, स्थळ, दिनांक, वस्तू देणाऱ्याचे नाव, स्वाक्षरी कोणासमक्ष झाली आणि छायाचित्र क्रमांक हे रकाने असावेत.
२) निर्लेखन समितीत क्रीडा साहित्याचा विषय असेल तेव्हा इतिहास विभागातील एका प्राध्यापकाचे मत लेखी घेण्यात यावे.
३) निवृत्त होणाऱ्या क्रीडा संचालकांची व माजी खेळाडूंची ध्वनिमुद्रित मुलाखत घ्यावी. कपाटातील प्रत्येक वस्तू हाती देऊन तिच्याविषयी विचारल्यास स्मरणाला आधार मिळतो. हे काम पदवी वर्गातील विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून देता येईल.
४) कुटुंबीयांकडून वस्तू स्वीकारताना दोन प्रतींत यादी करून दोन्ही पक्षांच्या सह्या घ्याव्यात. वस्तू कायमची दिली की प्रदर्शनापुरती, हे स्पष्ट लिहावे.
५) कुटुंबाला मूळ वस्तू देणे मान्य नसेल तर आग्रह धरू नये. तिचे छायाचित्र व माहिती नोंदवून वस्तू त्यांच्याच घरी राहू द्यावी. संग्रहाचा हेतू मालकी नसून ज्ञान हा आहे.

समारोप

महात्मा गांधी स्वाक्षरीसाठी पाच रुपये घेत आणि ती रक्कम हरिजन निधीला जात असे. स्वाक्षरीला किंमत असते आणि ती किंमत एखाद्या कार्याच्या उपयोगी आणता येते, हे त्यांनी जाणले होते. महाविद्यालयांपुढील कार्य याहून साधे आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकून परतलेल्या संघाचे छायाचित्र काढले जाते, ते सूचना फलकावर लागते आणि काही दिवसांनी उतरते. ते उतरविण्यापूर्वी मागील बाजूस पेन्सिलीने खेळाडूंची नावे डावीकडून उजवीकडे क्रमाने लिहावीत, स्पर्धा व दिनांक लिहावा आणि त्या मुलामुलींच्या सह्या नोंदवहीत घ्याव्यात. त्यांतील कोण पुढे ऑलिंपिकपर्यंत जाईल हे आज कोणीही सांगू शकत नाही. आणि कोणी गेले नाही, तरी त्या वर्षी हे खेळाडू मैदानावर उतरले होते, एवढी नोंद महाविद्यालयाजवळ राहील.